फॅक्समधनं काय फुटतंय?

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिला मी अख्ख्या गल्लीच्या पोटातलं सांगत आलोय. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही सांगलीचे नाही. म्हणजे इथंही भित्राच, बघा.

शतक संपत आलं होतं. माझं एसटीडी-फॅक्सचं दुकान होतं. लोकांचा फॅक्सवर काय विश्वास म्हणून सांगू! हळदीचे व्यापारी, वकील, चांगले शिकलेले डॉक्टर — सगळे म्हणायचे, ईमेल नको बाबा, कोण कुठं वाचेल नेम नाही. फॅक्स कसा, कागद सरळ हातात. कुणाच्या हातात? माझ्या! मी तो फाडायचो, वाचायचो, वर नाव लिहून कपड्याच्या चिमट्यानं दोरीला लावायचो. फोन लावायला आलेला माणूस मान वाकडी करून वाचत बसायचा. आणि ही म्हणे गुप्तता. शहाण्यांचं गाव!

समोरच्या गाळ्यात सुनंदा कांबळेनं कॉम्प्युटर आणून ईमेलची सोय सुरू केली. गिऱ्हाईक पासवर्ड टाकायला लागलं की ही पोरगी भिंतीकडं तोंड करून उभी राहायची. मी हसायचो. केवढं सोंग, म्हणायचो.

आता गुरव सर. दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायचे. माझ्या थोरल्याला त्यांनीच पास केलं, नाहीतर गधडा तिथंच बसला असता. त्यांना पुण्याच्या डॉक्टरांचं पत्र फॅक्सनं आलं — मनाच्या आजाराच्या गोळ्या कशा वाढवायच्या, त्याचं. शेवटच्या ओळी पुसट उठल्या, म्हणून सरांनी तेच पत्र दुसऱ्या दिवशी सुनंदाकडं ईमेलनं मागवलं.

तोवर — सांगायचंच तर — कृष्णेच्या घाटावर फिरायला येणाऱ्या चौघांना मी ते सांगून मोकळा झालो होतो. का? सरांवर राग होता? छे! मला सगळ्यांच्या आधी कळतं, एवढं दाखवायचं होतं. तेवढ्यासाठी. थू! आठवड्यात निम्मी शिकवणी रिकामी. सर पोरांच्या अंगावर धावून येतील, असं म्हणणारे ते पालक — त्यांना धड अपूर्णांक येत नव्हते.

पण ही काही कबुली नव्हे. ही नुसती चहाडी झाली. अशी चहाडी गावात रोज होते.

सरांचे मेहुणे दुकानात आले. "पत्र तुमच्याकडंच आलं हुतं न्हवं?" एवढंच विचारलं त्यांनी. मी म्हणालो, "आवं, फॅक्समधनं काय फुटतंय? कागद निघाला, घडी घातली, सरांच्या हातात दिला. ईमेल समोर आलंय. तितं इचारा."

झालं. आवाजसुद्धा कापला नाही माझा. गावानं पुरावा मागितला? कशाला मागेल! ईमेल फुटतं हे सगळ्यांना ठाऊकच होतं — ज्यांनी जन्मात एक ईमेल पाहिलं नव्हतं त्यांनासुद्धा. आणि उरलेल्यांना तिचं आडनाव पुरलं. ते पुरेल, हे मला माहीत होतं. म्हणूनच मी बोट तिकडं केलं. हे नीट ऐका — गडबडीत नव्हे, घाबरून नव्हे. माहीत होतं.

ती सरांच्या घरी गेली होती, मी असं केलेलं नाही म्हणून सांगायला. सरांनी दार उघडलं नाही. मग तिच्याकडं कोणी येईना. तीन महिन्यांत तिनं कॉम्प्युटर विकला, गाळा सोडला. टेबल टेम्पोत चढवताना मी एका बाजूनं हातसुद्धा लावला. एवढा भला माणूस मी!

पुढं एकदा ती माझ्याच दुकानात आली. कराडच्या एका कारखान्याला नोकरीचा अर्ज फॅक्स करायचा होता. आधीचं काम का सोडलं, या रकान्यात तिनं लिहिलं होतं : 'गिऱ्हाइकाचं पत्र फोडल्याचा आरोप झाला. आरोप खोटा आहे.' असं लिहिणाऱ्याला कोण नोकरी देतं? मी ते दोनदा वाचलं आणि कागद मशीनमध्ये सरकवला.

"काका, मधी कोण वाचत न्हाई न्हवं?" तिनं विचारलं. ती सरळ माझ्या तोंडाकडं बघत होती.

मी म्हणालो, "न्हाई."