खरबरीत फरशीचे घर

राजारामपुरीतल्या आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. तिसऱ्या मजल्यापर्यंत पायऱ्या छप्पन्न. कुत्र्याला खाली फिरवून आणण्याचे काम पतींचे होते. पती वारल्यावर ते काम माझ्याकडे आले. कुत्राही म्हातारा झाला होता. त्याच्या मागच्या पायांना पायरी पेलवेनाशी झाली. मी त्याच्या पोटाखालून पंचा घेई, मागचा भार उचलून धरी आणि दोघे एकेक पायरी उतरत असू. एका सकाळी पंचा माझ्या हातातून सुटला आणि कुत्रा चार पायऱ्या घसरत गेला. लागले नाही, तो ओरडलाही नाही. तिथेच बसून माझ्याकडे पाहत राहिला. तळमजल्यावरचे घर शोधायचे, हे मी त्याच दिवशी ठरवले.

मुलगी परगावी असते. तिचा फोन आला. "आई, तू घर शोधतेयस की त्याच्यासाठी वसतिगृह?"

"सध्या दोन्ही एकच आहे."

"त्यापेक्षा माझ्याकडे ये ना. त्याला कुणाकडे तरी ठेवू."

ती प्रेमानेच म्हणत होती. परंतु ते "कुणाकडे तरी" माझ्या कानात फार दिवस राहिले. पतींच्या माघारी मला दाराशी उठून यायला लावणारा तो एकच जीव उरला होता.

मी शाळेत भूमिती शिकवली. प्रमेय सोडवण्याआधी पक्ष आणि साध्य लिहावे, म्हणजे काय दिलेले आहे आणि काय सिद्ध करायचे आहे हे स्पष्ट होते, असे मी मुलांना सांगत असे. घराबाबतही मी तसेच केले. पक्ष : कुत्रा वृद्ध, मागचे पाय अशक्त, दृष्टी मंद. साध्य : तो कोणाच्या आधाराशिवाय आतबाहेर करू शकेल असे घर.

पहिल्याच घरी माझी मांडणी अपुरी ठरली. तळमजला होता, पायरी एकच होती. पण नव्या गुळगुळीत फरशीवर पाऊल टाकताच त्याचे मागचे पाय कर्कटक उघडावा तसे फाकले. तेव्हापासून मी भिंती आणि खिडक्या पाहणे सोडले. घर पाहणाऱ्याने आधी खाली बसावे, फरशीवर तळहात दाबून पुढे सरकवावा. हात अडला तर घर विचारात घ्यावे.

घर दाखवणारा एजंट कंटाळला. "बाई, लोकं चकचकीत फरशी बघून घर घेत्यात. तुमास्नी खरबरीत पायजे व्हय?"

"हो, खरबरीत."

"आणि कुत्रं हाय म्हणून आधीच कशाला सांगताय? सामान लावा, मग बघू की."

मी खोटे बोलणार नव्हते. कुठे फरशीमुळे, कुठे यामुळे, अशी सात घरे गेली.

आठवे घर शहराच्या अगदी कडेला, उसाच्या मळ्याला लागून होते. जुनी शहाबादी फरशी, उंबरा नाही, मागे परडे, म्हणजे मोकळे परसू, आणि पलीकडे मालकांच्या म्हशींचा गोठा. मालक जैन शेतकरी. त्यांच्या पत्नीला सगळे अक्का म्हणत. मला फरशीवर बसलेली पाहून त्या दारातच थबकल्या.

"पावणं, चक्कर आली काय?"

मी कारण सांगितले.

"चावतंय काय ते?"

"दात फारसे उरलेले नाहीत."

"मग ऱ्हाऊ द्या की. आमचं म्हातारं बी तसलंच हाय."

"ऐकू येतंय मला!" कट्ट्यावरून मालक ओरडले.

"ऐकू येतंय तेवढं बरं हाय," अक्का म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "पर घरात अंडं शिजवायचं न्हाई."

"त्याला डॉक्टरांनी रोज एक अंडे सांगितले आहे."

त्यांनी मागच्या दारातून बाहेर नजर टाकली. "मग परड्याच्या त्या टोकाला चूल मांडा. आत न्हाई."

ही अट मी आजवर पाळते.

मी योजले होते त्याहून हे घर त्याला अधिक मानवले. आठवड्याभरात तो भिंतीच्या कडेने चालत एकटा परड्यात जाऊ लागला. साध्य सिद्ध झाले.

माझे मात्र एक गृहीतक चुकले. त्याच्यासोबत मीही इथे राहणार आहे, हे मी कुठेच लिहिले नव्हते. जुन्या इमारतीच्या जिन्यात दिवसातून सहा वेळा कोणी ना कोणी भेटे. पहिल्या मजल्यावरच्या दवाखान्यात आलेले लोक बाजूला सरत. दुसऱ्या मजल्यावरच्या क्लासची मुले "बाई, आज किती पायऱ्या जमल्या?" म्हणून चिडवत. इथे चारनंतर उसाची सळसळ तेवढी ऐकू येते. अक्का सतत कामात. दूध घालायला येतात, दोन शब्द बोलतात, जातात. आणि कुत्र्याला माझ्या हातांची गरज राहिलेली नाही.

आता दुपारी तो उठतो, परडे ओलांडतो आणि गोठ्यात म्हशींच्या सावलीला जाऊन झोपतो. तिथे ऊब आहे, श्वासांचा आवाज आहे. मी खिडकीशी बसून पाहते. हाक मारली तर तो येईल, हे मला ठाऊक आहे. कण्हत उठेल, पण येईल. म्हणून मी हाक मारत नाही.