सरळ केलेला आवाज

आजवरच्या सर्वोत्तम गायनांची यादी कोणीतरी दर महिन्याला इंटरनेटवर टाकतं आणि कोणीतरी ती हटकून मला पाठवतं. तू गाण्याच्या धंद्यात आहेस ना, बघ पटतंय का. नाही पटत. यादीखालची भांडणं तर त्याहूनही पटत नाहीत. कव्वालीत शेवटी फाटलेला आवाज, रॉकवाल्याचं जीव तोडून ओरडणं, जुन्या सिनेमातल्या गाणारणीचा कापरा सूर, असल्या आवाजांच्या लोक पाया पडतात. डोळ्यांत पाणी आलं म्हणून लिहितात. आणि हेच लोक रविवारी स्वतःचं गाणं घेऊन माझ्यापुढे बसतात आणि म्हणतात, सर, एकदम परफेक्ट करून द्या.

मी बेंगळुरात, जे. पी. नगरमधल्या एका लहान स्टुडिओत आवाज सरळ करतो. गाणारा गाऊन जातो, मग मी बसतो. पडद्यावर त्याचा प्रत्येक सूर एका वेड्यावाकड्या तुकड्यासारखा दिसतो. तुकडा रेषेखाली असेल तर वर ओढायचा, वर गेला असेल तर खाली आणायचा, उशिरा आला असेल तर अलीकडे सरकवायचा. श्वास ऐकू येत असेल तर कापून टाकायचा. भक्तिगीत असो, कानडी सिनेमाचं गाणं असो, आयटीतल्या पोरांचा बँड असो की शाळेचं स्वागतगीत, सगळ्यांवर एकच इस्त्री फिरते.

एकदा शिवाजीनगरातले एक म्हातारे कव्वाल आले होते. तिसऱ्या ओळीला त्यांचा आवाज मधोमध फुटला आणि खोलीतल्या आम्हा तिघांच्या हातातला चहा तसाच राहिला. मी संध्याकाळपर्यंत तो फुटलेला सूर सांधून टाकला. त्यांनी ऐकलं, ‘साफ है’ म्हणाले आणि टोपी घालून निघून गेले. त्या दिवशी मी स्वतःवर खूश होतो. आज आठवलं की कानशिलं तापतात.

पण राग येतो तो खरा अक्काच्या गाण्यावरून.

अक्का माझी सख्खी मोठी बहीण. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं. घरात मराठी बोलतो, पण तिला मी ताई कधी म्हटलं नाही, आणि ती मला तम्मा म्हणते, कानडीतला धाकटा भाऊ. ती होसकोटेच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासायचं काम करते. सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसली की गायला लागायची, ती गेटपर्यंत. गणपती, नोव्हेंबरातला कन्नड राज्योत्सव, कोणाचं बारसं, कोणी गा म्हटलं की उभी राहायची. शिकलेली नव्हती. वरच्या सुराला ती थेट जायचीच नाही. आधी मोठ्याने श्वास घ्यायची, मग खालून, सावकाश, ऐकणाऱ्याला वाटावं की आता काही पोचत नाही, आणि मग पोचायची. एका राज्योत्सवाला दुपारी वीज गेली, माइक बंद पडला, ऑर्केस्ट्रावाले वाद्यं खाली ठेवून मांडवातल्या पंख्यांकडे बघत बसले. अक्का थांबली नाही. शाळेच्या मैदानात शेवटच्या रांगेमागचा रसवंतीवाला चरक थांबवून उभा राहिला होता. असल्या यादीत हे गायन कोणी घालणार नाही, कारण तिथे मोबाइल उंचावायचंही कोणाला सुचलं नाही.

दोन वर्षांपूर्वी तिच्या गळ्यात गाठ निघाली. ती काढणं भाग होतं. आवाजाची नस अगदी लगटून जाते, आवाज राहील किंवा जाईल, असं डॉक्टरांनी तिला आधीच स्पष्ट सांगितलं होतं. ती रडली वगैरे नाही. मला म्हणाली, “तम्मा, एकदा तुझ्या त्या खोलीत मला गायला उभी कर. पोरीसाठी ठेवायचंय.” तिची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती.

ऑपरेशनच्या आठवडाभर आधी, रविवारी सकाळी ती आली. तीन गाणी गायली. एक कानडी भावगीत, एक कव्वाली आणि आमची आई पाळण्याशी म्हणायची ती ओवी. ओवीच्या मध्यावर ती थांबली. नुसता श्वास, बराच वेळ, मग पुढची ओळ. मी काचेच्या या बाजूला बसलो होतो आणि बटणांवरचा हात काढून नुसता ऐकत राहिलो. इतकं सांगतो म्हणजे मला ते कळलं नव्हतं असं कोणी म्हणायला नको. कळलं होतं.

ती गेल्यावर मालक आत आले. माणूस भला आहे. दोन मिनिटं उभ्याने ऐकून म्हणाले, “चन्नागिदे. स्वल्प फ्लॅट इदे, अल्वा?” छान आहे, जरा उतरलंय, नाही का? एवढंच. त्यांना दोष नाही, ते रोज प्रत्येकाच्या गाण्याबद्दल हेच म्हणतात. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या बहिणीचं गाणं आणि उतरलेलं? गल्लीतल्या कोणाच्याही बेसुऱ्या पोराचं मी सरळ करून देतो, आणि हिचं तसंच राहू देऊ?

म्हणून बसलो. दुपारचं जेवण सोडून बसलो. तिचा तो खालून चढणारा सूर मी प्रत्येक ठिकाणी उचलून नेमका रेषेवर ठेवला. श्वास सगळे कापले. ओवीतली ती थांबलेली जागा मला फार लांब वाटली, तीही आवळली. चार वाजता गाणी तयार झाली, काचेसारखी. मग आमच्याकडे जे रोज होतं ते मी केलं. काम संपलं की कच्चं रेकॉर्डिंग काढून टाकायचं, डिस्क भरते म्हणून. हा नियम मालकांचा नाही. तो मी घातलाय, नव्या मुलांनी विसरू नये म्हणून भिंतीवर माझ्याच अक्षरात लावलाय. तीन फायली निवडल्या, काढल्या, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. हात थांबला नाही. सोमवारी त्याच डिस्कवर साबणाच्या जाहिरातीचं गाणं भरलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो मी.

संध्याकाळी तिच्या फोनवर गाणी पाठवली. ती म्हणाली, “आत्ता नाही ऐकत. दवाखान्यातून घरी परत आले की ऐकेन.”

ऑपरेशन नीट झालं. गाठ गेली. आवाज गेला. पहिले काही आठवडे सगळे म्हणत होते, येईल, वेळ लागतो. ती गरम पाणी प्यायची, सांगितलेले व्यायाम करायची. मग तपासणीत कळलं की आता जेवढं आहे तेवढंच. जेवढं आहे म्हणजे कुजबुज. तीही चार वाक्यांनंतर दमते.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी मी तिच्याकडे गेलो. गाणी तिने तोवर ऐकलीच नव्हती. मुलगी आत झोपली होती. अक्काने फोन काढला, कानात तारा घातल्या, एक तार माझ्या कानात दिली आणि ओवी लावली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. खरं सांगतो, शाबासकीची वाट बघत होतो.

तिने मध्येच थांबवलं. मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा थांबवलं.

“इथे मी श्वास घेतला होता,” ती कुजबुजली. “मोठा. आई आठवली होती.”

तिने तीच जागा तिसऱ्यांदा लावली.

“मूळचं लाव.”

“नाही ते, अक्का.”

“नाही म्हणजे?”

“पुसलं.”

“कशाला?”

आणि मी, जिचा आवाज कायमचा गेला होता तिच्या समोर बसून, म्हणालो, “स्वल्प फ्लॅट होतं.”

या वाक्याबद्दल स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते, अजूनही, रस्त्याने चालताना. दुसऱ्या आठवड्यात डिस्क घेऊन एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने दोन दिवस ठेवून घेतली आणि सांगितलं, यावर नवीन लिहिलं गेलंय, काही निघणार नाही. बैल गेला आणि झोपा केला.

पण ते नंतर. त्या दुपारी अक्काने तिन्ही गाणी शेवटपर्यंत ऐकली. कव्वालीला तर ती किंचित हसलीसुद्धा, अनोळखी बाईच्या फोटोकडे बघून हसावं तसं. मग तारा काढल्या आणि फोन माझ्या पुढ्यात ठेवला.

“काढ हे.”

“अक्का, काहीतरी राहू दे.”

“काय राहिलंय यात?”

ती दम घ्यायला थांबली. मानेवर पट्टीची जागा होती तिथे हात ठेवायची तिला आता सवय झाली होती.

“पोरगी मोठी झाल्यावर ऐकेल,” ती म्हणाली. “आई अशी गायची म्हणेल. मी अशी नव्हते गात. उगीच दुसरीचा आवाज आई म्हणून नको तिला. तुझ्याकडचं पण काढ.”

मी वाद घातला. शब्द तुझेच आहेत म्हणालो, गळा तुझाच आहे म्हणालो, एवढंसं तर बदललंय म्हणालो. हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो आणि ती खूश होऊन जातात. अक्काने ऐकून घेतलं. उत्तर द्यायला तिला कष्ट पडत होते, म्हणून तिने फक्त फोन बोटाने माझ्याकडे आणखी थोडा सरकवला.

मी काढलं. एक, दोन, तीन. स्टुडिओतलं सोमवारी काढलं, तिला शब्द दिला होता म्हणून. तिने फोन उचलून यादी उघडली, गेल्याची खात्री केली आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठली. साखर किती, हे तिने बोटांनी विचारलं.

तिने मला शिव्या घालायला हव्या होत्या. शेजारपाजार गोळा होईल अशा, मोठमोठ्याने. तेवढा आवाज तिच्या गळ्यात राहिला नव्हता, आणि बाहेर मी तो कुठेच ठेवला नव्हता.