ओसरी रिकामी झाली तेव्हा

परवा जळगावला लेकीकडे गेले होते. नातवाला मोरीत बसवून “शूऽऽ” करत होते आणि एकदम हसूच आलं... मग डोळेही भरले. लेकीला वाटलं, आईचं काहीतरी बिघडलं!

गोष्ट हीच लेक जन्मली तेव्हाची, नव्वदच्या आसपासची. धरणगावजवळ माझं माहेर, कापूस वेचणीचे दिवस, पहिलं बाळंतपण घरातच. दुपारी लेक झाली, वारही पडली, सगळ्यांनी हुश्श केलं... आणि माझं रक्त थांबेचना.

उपकेंद्राच्या नर्सबाई होत्या म्हणून बरं. त्यांनी इंजेक्शन दिलं, पोट चोळत राहिल्या, पण गर्भाची पिशवी काही आवळेना. लुगड्याच्या घड्यांवर घड्या भिजत होत्या, माझे हातपाय गार पडत चालले होते. आपण आता मरणार, एवढंच मला कळत होतं.

चोळता चोळता बाईंचा हात थबकला. “लघवीला कधी गेली होतीस गं?”

सकाळपासून नाही... जाणार कशी? दाराबाहेर ओसरीवर आबा, म्हणजे माझे वडील, दोन्ही काका, मामा, सगळे ठाण मांडून बसलेले. बाईंनी घमेलं लावलं, तरी होईना. लघवी तुंबली की पिशवी आवळत नाही, त्या म्हणाल्या, आणि लघवी काढायची नळी नेमकी त्यांच्या पेटीत नव्हती.

त्या तरातरा बाहेर गेल्या. “उठा सगळे! ट्रॅक्टर काढा आणि गोठ्यापलीकडे थांबा.” ज्यांच्यापुढे घरात कुणी ब्र काढत नसे, ते आबा मुकाट्यानं उठले.

तरीही होईना, इतकी मी आखडलेली. मग आईनं तांब्यातून बारीक धार सोडली आणि मला, एका बाळंतिणीला, म्हणायला लागली, “शूऽऽ... कर माय, आठे कोनीच नही.”

आणि झाली!

बाईंनी पुन्हा पोट चोळलं. हळूहळू पिशवी नारळासारखी कडक झाली, रक्त ओसरलं. तेव्हा कुठे आईनं पदरानं तोंड पुसलं.

गोठ्याकडून आबांची हाक आली, “मनी आंडेर कशी शे?” आंडेर म्हणजे लेक; त्यांची लेक, म्हणजे मी.

“लघवी झाली!” बाई ओरडल्या. आबा तिथंच मटकन बसले आणि पोरासारखे रडले. मग त्याच ट्रॅक्टरनं मला धरणगावला नेऊन सलाईन लावलं.

लाजेपायी जीव जात होता माझा... नर्सबाई, असाल तिथं सुखी असा.

हे सगळं मी लेकीला सांगितलं. तिनं पोराला माझ्याकडून घेतलं आणि स्वतःच “शूऽऽ” करत बसली.