बंधाऱ्यावर गेलेला आत्याचा झोपाळा

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. दिवाळीची रजा उरली होती आणि विठ्ठलवाडीच्या घरी मस्त ताणून द्यायचा माझा बेत होता. तेवढ्यात सकाळी सकाळी आत्या दारात हजर!

"ऊठ गो, फळ्या करायला जायचंय. प्लास्टिकच्या!"

झालं, गेली माझी रजा.

आत्याचं गाव कुळगाव-बदलापूरच्या पलीकडे. तिथे ओढ्यावर जुना दगडी बंधारा आहे, माझ्या आजोबांच्याही आधीचा. त्याच्या तोंडाशी दोन्हीकडे दगडात खाचा आहेत. पावसाळा सरला की खाचांत एकावर एक फळ्या सरकवायच्या. पाणी चढतं आणि कालव्याने शेतांत जातं. पावसाआधी फळ्या काढून ठेवायच्या. पण लाकूड कुजलं होतं, नवं आणायचं तर परवानग्यांची कटकट. कालवा कोरडा पडला. गावाने ठरवून टाकलं, यंदाही पाणी आलं नाही तर बंधाऱ्याचे दगड काढून समाजमंदिराच्या जोत्याला लावायचे. आत्याचं वालाचं शेत कालव्याच्या अगदी शेवटाला. "माझ्या डोळ्यांदेखत एक दगड हलू द्यायची नाही," हे तिचं पालुपद.

उल्हासनगर आमच्याकडून पायी जाण्यासारखं. तुम्ही गेलात तर गल्ल्यांतून चालतच फिरा आणि आधी दाल-पकवान खा, स्वस्तात पोट भरतं. आम्ही खाऊन मोहनभाईंच्या कारखान्यात शिरलो. फुटक्या बादल्या, मग, दुधाच्या पिशव्या वितळवून ते लोखंडी साच्यात फळ्या दाबत होते. वास असा की आत्याने पदर नाकाला लावला तो सोडलाच नाही.

"भाऊ, खाचेपेक्षा बोटभर कमी ठेवा हां. पानी में फुगती है!"

"अम्मा, आप बोलो तो बोटभर कम."

लाकडाच्या फळ्या पिढ्यान्‌पिढ्या तशाच कापत आलेले. प्लास्टिक कुठे फुगतं, हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही!

फळ्या तयार झाल्या तशा मोहनभाई स्वतःच आम्हाला टेम्पोत घेऊन निघाले. अंबरनाथला वडापाव खाल्ला. तिथलं जुनं शिवमंदिर जरूर बघा, घाई करू नका. आत्या भिंतीवरून हात फिरवत म्हणाली, "दगड कसा जपलाय बघ." बदलापूरपर्यंतचा रस्ता म्हणजे नुसते खड्डे, कंबर पार ढिली झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने आनंदाच्या भरात उरल्यासुरल्या जुन्या फळ्या चुलीत घातल्या आणि त्यावर वालाचं बिरडं शिजवलं. मग सगळं गाव बंधाऱ्यावर. करड्या फळ्या, त्यांत बादल्यांचे निळे-लाल ठिपके. खाचांत बसल्या, पाणी चढलं, आणि एकेक फळी सुटून बदकासारखी वर तरंगायला लागली. लोक हसून हसून बेजार. शेजारचे तात्या म्हणाले, "चला रे, पहारी आणा."

आत्याचा चेहरा बघवेना. मोहनभाई पँट दुमडून पाण्यात उतरले होते. "अरे बाबा, ये तो फूलता ही नहीं! अम्मा, सबसे ऊपर एक लकड़ी चाहिए. वो फूलके अटकेगी, तो नीचेवाली दबी रहेंगी."

लाकडाची तर राख झाली होती. आत्या क्षणभर घराकडे बघत राहिली.

"झोपाळा काढा," ती म्हणाली.

ओटीवरचा तो फणसाच्या फळीचा झोपाळा काकांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, हौसेने केला होता. दोघं रोज संध्याकाळी त्यावर बसायची. काका जाऊन वर्षही झालं नव्हतं.

"आत्या, तो नको गं!"

"एकटीने काय झोके घेऊ? तिकडे शेत वाळतंय."

फळीच्या कडा तासल्या, कड्यांच्या भोकांत चिंध्या कोंबल्या. फटी पेंढा आणि चिखलाने बुजवल्या आणि वरून धोंडे ठेवले. सकाळी जाऊन बघतो तर झोपाळ्याची फळी फुगून खाचांत गच्च! धोंडे काढले तरी खालची एकही हलेना. मोहनभाई अनवाणी नाचलेच. दुपारी पाणी वालापर्यंत पोहोचलं. तात्या पहारी खांद्यावर टाकून घरी गेले. आत्या बांधावर बसून मनसोक्त रडली, आणि मीही.

वालाची पिशवी घेऊन मी विठ्ठलवाडीला परतले. पुढे दरवर्षी तेच चालत राहिलं. पावसाआधी फणसाची फळी घरी यायची, साखळ्यांना लागायची. दिवाळी झाली की परत बंधाऱ्यावर. आता आत्याही नाही. प्लास्टिकच्या फळ्या मात्र जशाच्या तशा, निळे ठिपकेसुद्धा. बंधारा बघायचा तर हिवाळ्यात जा. मी पावसाळ्यात जाते. ओटीवर झोपाळा असतो, त्याला ओढ्याच्या गाळाचा वास येतो. मी अगदी कडेला बसते. दोघांची जागा सोडून.