डिशच्या बुडाखालचं नाव

आर्डिस होलुबला गावात मागून एक नाव पडलं होतं. पालथीबाई. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण शनिवारी सकाळी ती कुणाच्या अंगणात शिरली की मांडलेल्या टेबलांमागे खाणाखुणा सुरू व्हायच्या. कारण ती दिसेल ती डिश उचलून आधी पालथी करून बघायची. नक्षी कशी आहे, कडेचा टवका उडालाय का, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. बूड बघायची आणि डिश जागच्या जागी ठेवून द्यायची.

मी तिची मैत्रीण, आणि तिची ड्रायव्हरही, कारण तिची गाडी कधी सुरू होईल याचा नेम नसायचा. आमच्याकडे आयोवात मे महिना लागला की कोपऱ्याकोपऱ्यावर पुठ्ठ्याच्या पाट्या दिसायला लागतात आणि लोक घरातलं जुनंपानं अंगणात आणून विकायला मांडतात. मला त्याचं वेड. हिरव्या काचेच्या बरण्या, हाताने फिरवायची अंडी फेटणी, बिडाचे तवे, काय वाट्टेल ते मी उचलून आणते आणि माझा नवरा लॉइड कपाळावर हात मारून घेतो. आर्डिस मात्र सकाळभर हिंडून रिकाम्या हातांनी गाडीत येऊन बसायची.

"अगं, एवढी पायपीट करतेस, निदान एखादा चमचा तरी घे," मी एकदा वैतागून म्हटलं.

"माझं आहे ते सापडलं की घेईन, वेल्डा."

"तुझं म्हणजे काय?"

त्यावर ती खिडकीबाहेर बघत बसली. मीही काही कमी चिवट नाही. पुढच्या शनिवारी विचारलं, त्याच्या पुढच्या शनिवारीही विचारलं. शेवटी एका पावसाळी सकाळी, अंगणं ओस पडलेली आणि आम्ही दोघी गाडीत कॉफी पीत बसलेल्या, तेव्हा तिने सांगितलं.

आमच्यात कुणी गेलं की चर्चच्या तळघरात जेवण असतं. घरोघरच्या बायका कोंबडीच्या शेवया नाहीतर चीज घालून भाजलेले बटाटे भरून आणतात. आता निळ्या फुलांची ती पांढरी झाकणाची डिश आमच्या पिढीतल्या प्रत्येकीला लग्नात आहेर म्हणून आलेली. कुणाची कुठली हे कळणार कसं? म्हणून बुडाला कागदी चिकटपट्टी लावायची आणि तिच्यावर आपलं नाव घालायचं. जेवणं उरकली की इर्मा क्राल सगळी भांडी धुवायची, पालथी करून नावं वाचायची आणि ज्याची डिश त्याच्या घरी पोचवायची. दुसऱ्याची डिश घरात ठेवून घेतली असं आमच्यात कधी झालं नाही.

आर्डिसची एकुलती मुलगी जोलीन. सहा वर्षांची असताना आईने तिला सांगितलं, "पट्टीवर नाव लिही गं, माझे हात पिठाचे आहेत." पोरीने लिहिलं. होलुब नाही, आर्डिस नाही. इंग्रजीत तीन अक्षरं लिहिली, एम-ओ-एम, 'मॉम'. तिच्या लेखी त्या बाईला दुसरं नाव होतंच कुठे? आर्डिस पोट धरधरून हसली आणि पट्टी तशीच राहू दिली. आपली डिश ती तळघरातून स्वतःच उचलून आणायची, त्यामुळे बुडाखाली काय लिहिलंय ते दुसऱ्या कुणी कधी पाहिलं नाही.

जोलीन नवव्या वर्षी रक्ताच्या आजाराने गेली. पुढच्या वसंतात कुणाच्यातरी मातीचं जेवण चालू असताना नदी चढत असल्याची बातमी आली आणि आर्डिस डिश तिथेच टाकून घराकडे धावली. घर नदीकाठी. पोरीच्या वह्या, भिंतीवर डकवलेली चित्रं, वाढदिवसाची कार्डं, सगळ्याचा चिखल झाला. बहिणीकडे दोन-चार फोटो होते तेवढे वाचले. नवऱ्याने दोन वर्षांनी दुसरं घर मांडलं, तेही दुसऱ्या बाईबरोबर. चर्चच्या तळघरातही पाणी शिरलं होतं, त्या गडबडीत डिश कुणाच्या घरी गेली ते तिला कळलंच नाही. आणि पोरीच्या हातचं अक्षर म्हणून जगात काही उरलं असेल तर ते त्या डिशच्या बुडाखाली.

"मग लोकांना सांग की, बाई. चर्चच्या पत्रकात दोन ओळी दे," मी म्हटलं.

"सांगायचं म्हणजे तिचं नाव घ्यावं लागेल. तुझ्यासमोर घेतलं तेवढं पुरे. कुणाला बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

शपथ घातल्यावर काय करणार? मी गप्प बसले आणि गाडी चालवत राहिले. मीही चोरून डिशी पालथ्या करायला लागले. एकेका अंगणात आम्हा दोघींना बघून लोकांना वाटत असेल, एका वेडीच्या दोन झाल्या.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग गेल्या उन्हाळ्यात इर्मा क्रालला वृद्धाश्रमात हलवलं आणि तिची मुलगी पॅट्रिस घर रिकामं करायला शहरातून आली. पाटी बघून आम्ही गेलो. अंगणात सगळं मांडून ठेवलेलं, लखलखीत. आमच्याकडे विकायचं भांडं मळकं मांडणं म्हणजे नाक कापून घेणं. पॅट्रिसने आईची लाज राखली होती.

आर्डिसने एक डिश उचलली आणि तिथेच थबकली. तिने बूड बघितलं, मग झाकण बघितलं. झाकणाच्या मुठीवर भाजल्याचा तपकिरी डाग होता, चंद्रकोरीसारखा. त्या डागाचं ती मला मागे बोलली होती.

"ती घ्याच तुम्ही," पॅट्रिस कौतुकाने म्हणाली. "आमच्याकडे कधी वापरलेलीच नाहीये. आई वरच्या फळीवर ठेवायची, हात लावू द्यायची नाही, दुसऱ्याची आहे म्हणायची. बुडाला पट्टीवर पट्टी, वरून पारदर्शक टेप, केवढा तो चिकटा! तेल आणि खायचा सोडा लावून परवा अख्खी सकाळ घासत होते. बघा, आता आरसा आहे नुसता."

"आणि ती पट्टी?" मी विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण ती दचकली.

"कचऱ्यात टाकली. कालच गाडी येऊन गेली. का हो?"

मी तोंड उघडणार एवढ्यात आर्डिसने माझा दंड धरला. असा धरला की चार दिवस वळ होता.

"छान स्वच्छ केलीत," ती पॅट्रिसला म्हणाली. पैसे दिले, डिश पोटाशी धरली आणि चालत गाडीपर्यंत आली. गाडीत बसल्यावर मात्र तिचा धीर सुटला. ती रडली तसं रडताना मी आजवर कुणाला पाहिलेलं नाही, आणि मी माझ्या आईवडिलांना, दोन्ही भावांना पोचवलंय. "मला एकदाच बघायचं होतं गं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मला पॅट्रिसचा राग आला, नदीचा आला, त्या शपथेचा तर फारच आला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "इर्माकडे जाऊ." मी वाद घातला नाही.

इर्मा खुर्चीत बसली होती. दृष्टी जवळजवळ गेलेली, हात कापत होते. आर्डिसने डिश तिच्या मांडीवर ठेवली. म्हातारीने झाकण चाचपलं, बोट मुठीवर फिरवलं, मग बुडाखाली हात घातला आणि तिचा चेहरा पडला.

"पट्टी कुठाय?"

"निघाली, इर्मा काकू. ही माझी डिश. मॉम म्हणजे मी."

इर्माचं बोट पुन्हा झाकणाच्या मुठीवर गेलं. मग म्हणाली, "पूर आल्यावर शाळेच्या हॉलमध्ये प्रार्थना भरायची, तेव्हा दोन रविवार ही डिश हातात घेऊन उभी होते मी. 'मॉम कोण?' विचारलं तर बायका हसायला लागल्या. सगळ्याच मॉम. घरोघर फिरले, जिच्या घरी लहान पोर तिला विचारलं. तू बहिणीकडे गेली होतीस. आणि परत आलीस तेव्हाही तुझं नाव माझ्या डोक्यात आलं नाही. तुझी पोर गेली होती ना. मला वाटलं, जिची आहे तिला पोर असणार. चुकलं माझं, आर्डिस."

आर्डिस खाली तिच्या पायाशी बसली. "तुम्ही ती इतकी वर्षं जपलीत."

"पट्टी सुटायला लागली की वरून दुसरी लावायचे. लेकराचं अक्षर आहे, टाकवेना. मधला गोल हा एवढा मोठा काढला होता, भोपळ्याएवढा. दोन्ही बाजूची अक्षरं बिचारी कडेला चेपून उभी. शेवटचं तर पट्टीबाहेर चाललं होतं." म्हातारीने कापणाऱ्या बोटाने आर्डिसच्या तळहातावर ते काढून दाखवलं. आर्डिस म्हणाली, पुन्हा काढा. तिने पुन्हा काढलं.

मी परिचारिकेकडून चिकटपट्टी आणि पेन मागून आणलं. इर्माने डिश पालथी केली आणि तोंड अगदी जवळ नेऊन लिहिलं. हात असा थरथरत होता की अक्षरं सहा वर्षांच्या पोरीनेच काढल्यासारखी आली. मधला गोल मोठा, बाकीची चेपलेली. आर्डिसने बघितलं आणि मान हलवली. असंच होतं, म्हणाली.

सप्टेंबरात इर्मा गेली. जेवण पुरानंतर बांधलेल्या नव्या चर्चच्या तळघरात होतं. आर्डिसने शेवया भरून तीच डिश आणली. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "वेडी का खुळी तू? पुन्हा हरवली तर?" तिने माझ्याकडे असं बघितलं की मी माझ्या कामाला लागले.

जेवणं झाल्यावर मोरीशी आम्ही सात-आठ बायका होतो. आईचं काम आपण करायचं म्हणून पॅट्रिस भांडी पुसत होती आणि बुडाची नावं वाचून दाखवत होती. श्मिट. डोलेझाल. पुन्हा श्मिट. मग निळ्या फुलांची डिश तिच्या हातात आली आणि ती थांबली.

"ही कुणाची?" तिने विचारलं. "हिच्यावर नावच नाही. नुसतं मॉम लिहिलंय."

दोघीतिघी हसल्या. आर्डिसने हातातला कप खाली ठेवला, ॲप्रनला हात पुसले आणि पुढे झाली.

"माझी आहे," ती म्हणाली. "जोलीनची आई मी."