माझे वाचक आणि बाबांचं ताट

भुताखेताच्या गोष्टी मी लिहिते, मानत मात्र कधीच नव्हते. भद्रावतीत एका छोट्या लॅबमध्ये लोकांचं रक्त, लघवी, शौच तपासण्यात माझा दिवस जातो. त्यामुळे किळस वगैरे चोचले मला परवडत नाहीत.

वाचनाच्या एका ॲपवर माझी साहसकथा भागाभागाने सुरू होती. नायक माहरू, जंगलातल्या राज्याचा तिरंदाज. आमचं मूळ गाव धानोऱ्याच्या पुढे, जंगलातलं. तिकडे गावाची पूजा होईपर्यंत नवा आंबा कोणी तोंडात घालत नाही. माझा माहरू शत्रूपासून पळताना भुकेपोटी तो खातो आणि त्याला शाप लागतो – तोंडाजवळ नेलेल्या प्रत्येक घासाला कुजका वास.

तोवर माझ्या कथेला कुत्रं विचारत नव्हतं. शाप लागला आणि वाचक तुटून पडले. 'ताई, घासात अळ्या दाखवा ना.' 'त्याला ओकताना नीट वर्णन करा, घाई करू नका.' एक महाशय तर म्हणे जेवता जेवता वाचतात, जास्त मजा येते! एका बाईने हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावून लिहिलं होतं, 'लगेच मारू नका हं, हळूहळू.' सकाळी देवाचे फोटो पाठवणारी हीच माणसं. लॅबमध्ये एवढी घाण बघते, पण हे वाचून मला पहिल्यांदा हात धुवावेसे वाटले.

त्याच सुमारास बाबांचं ताट भरलेलं परत जायला लागलं. बाबा फॅक्टरीतून रिटायर झालेले, खाण्याचे भारी शौकीन. भाताचा घास तोंडाजवळ नेऊन खाली ठेवायचे. म्हणायचे, वास येतो. आईने तांदूळ बदलला, भांडी बदलली. बाबांच्या सगळ्या तपासण्या मी स्वतः केल्या – सगळं नॉर्मल! योगायोग म्हणून मी सोडून दिलं. बाबांकडे बटणांचा फोन, माझी कथा त्यांनी बापजन्मात वाचलेली नाही.

मग एका दुपारी लॅबमध्ये डबा खाताना कमेंट वाचली – 'आता पाण्यातपण अळ्या येऊ द्या.' त्याखाली बदामांचा नुसता पाऊस. मी त्यातला एक शब्दही लिहिला नव्हता. डबा झाकतेय तोच आईचा फोन आला, बाबांनी पेला फेकून दिला म्हणून. घरी पोचले तर बाबा भिंतीला टेकून बसलेले, ओठ सुकलेले.

"पाणी वळवळून राह्यलं, बाई," ते म्हणाले. "तुले नाई दिसत?"

दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, मनाचं आहे. मी खाटेशेजारी बसून, सहज विचारावं तसं, विचारलं – बाबा, गावात कोणी पूजेआधी आंबा खाल्ला तर त्याला काय शाप लागतो?

बाबा मोठ्या कष्टाने हसले. "शाप कायचा? पूजेच्या दिवशी त्याले पंगतीत मधोमध बसवते. सारं गाव त्याच्यासंग जेवते. झालं, संपलं. उपाशी कोणालेच ठेवत नाई आपल्यात."

तिथेच मोबाईलवर शेवटचा भाग लिहिला. माहरू गावात परततो, लोक त्याला पंगतीत बसवतात, तो पोटभर जेवतो. भाग टाकला... आणि थोड्या वेळाने बाबांनी पाणी मागितलं. मग पेज मागितली. आई रडायलाच लागली.

वाचकांनी मात्र माझी सालटी काढली. 'फुसका शेवट.' 'त्याला सडून मरताना बघायचं होतं, ताईंनी माती केली.' सडून मरताना! मी वैतागून अख्खी कथाच उडवली.

पण ती हळूहळू मारायला सांगणारी बाई – तिने सगळे भाग उतरवून ठेवले होते. आता ती स्वतःच्या पानावर 'खरा शेवट' लिहिते आहे. त्यात पंगत नाही. तिच्याकडे वाचक माझ्यापेक्षा जास्त आहेत, आणि कमेंटमध्ये जे सुचवतात ते मला इथे लिहवत नाही. ॲपवाल्यांना कळवलं, उत्तर नाही. तिला हात जोडून सगळं सांगितलं. तिने तो निरोप कथेची जाहिरात म्हणून वापरला.

बाबांचं ताट पुन्हा भरलेलं परत येतंय.

हे का होतं, मला माहीत नाही. एकच गोष्ट बघितली आहे. परवा तिच्या पानावर मी लिहिलं, 'त्याला जेवू द्या.' त्या दुपारी बाबांनी अर्धी वाटी पेज घेतली. काल पुन्हा लिहिलं, पुन्हा अर्धी वाटी. एकटीच्या लिहिण्याने तेवढंच होतं.

कथा शोधायला सोपी आहे, त्या ॲपवर सध्या तीच सगळ्यात वर असते. माझ्यावर विश्वास ठेवू नका, हसा हवं तर. पण जाऊन तेवढी एक ओळ लिहा.