उरलेल्या मालाचा ब्रेकर

माझ्या बाबाले ऐकू येत नाही. रोज संध्याकाळी ते रस्त्यापलीकडच्या विहारात वंदनेले जातात, आणि ते वापस येईपर्यंत माझा जीव टांगणीले लागते. बालाघाटातला आमचा हा रस्ता पुढे लालबर्र्याकडे निघते, म्हणून आमच्या दारापासूनच गाड्यांच्या अंगात येते. गती सीमा वीसचा बोर्ड आहे, पण त्याच्यावर कोणाच्या तरी वाढदिवसाचं पोस्टर चिकटवलं आहे. दोनदा मी ब्रेकरसाठी अर्ज घेऊन नगरपालिकेच्या हापिसात गेली. तिथला बाबू म्हणाला, "बोर्ड तो लगा है न, बहनजी." मी म्हटलं, बोर्ड वाचाले थांबते कोण? तो दुसऱ्या कामाले लागला.

मग आमच्या वरच्या खोलीचा स्लॅब टाकला, त्या दिवशी आठ-दहा घमेले सिमेंटचा माल उरला. मिस्त्रीनं विचारलं, याचं काय करू? माझ्या तोंडून निघून गेलं, "रस्त्यावर टाक. आडवा." तो हसला, पण त्यानं टाकला. वरून थापी मीच मारली. वाळेपर्यंत दोन्हीकडून खाटा आडव्या लावल्या. शेजारीण म्हणाली, "काकू, आता शिट्टीही घ्या अन् उभ्या राहा चौकात."

ब्रेकर जरा उंचच झालता, अन् रंगानं रस्त्यासारखाच. मले काय त्याचं, मले तं कौतुकच होतं. रोजचे गाडीवाले शिव्या देत का होईना, हळू होऊ लागले. दोन-तीन दिवसांत बाबा निवांत रस्ता ओलांडू लागले. कितीक महिन्यांनी मी संध्याकाळी दारात उभी न राहता भाकरी टाकली.

पाचव्या दिवशी दुपारी खैरलांजीकडचं एक जोडपं मोटरसायकलवर आलं. बाई मागे एका बाजूनं बसलेली, मांडीवर पिशवी. गाडी उसळली अन् बाई उताणी रस्त्यावर पडली. मी धावली, बाबाही आले. तिच्या डोक्यातून रक्त वाहत होतं. ऑटो येईपर्यंत मी तिचं डोकं मांडीवर धरून बसली.

नवऱ्यानं विचारलं, "मागच्या आठवड्यात तं इथं काही नव्हतं. कोनं बनवलं हे?"

"काय माहीत बा," मी म्हटलं. "सरकारी असन."

बाबा माझ्या तोंडाकडे पाहत होते. ऐकू येत नसलं तरी ओठांवरून त्यांले सारं समजते.

त्या संध्याकाळी मी त्यांच्यासंगं विहारात गेली. पंचशील म्हणता म्हणता खोटं न बोलण्याच्या शीलापाशी माझे ओठ मिटले. बाबानं मान वळवून पाह्यलं. वापस येताना ते ब्रेकरपाशी थांबले, चपलेनं त्याले चाचपून पाह्यलं.

"माझ्यासाठी केला ना तू हा?"

मी हो म्हणून मान हलवली. लाज वाटत होती, अन् राग येत होता. त्या बाबूचा, गाड्यांचा, खरं सांगाचं तं बाबाच्या कानांचाही.

सकाळी दवाखान्यात गेली. बाईच्या डोक्याले टाके पडले होते, एक डोळा सुजून बंद झालता, पण ती शुद्धीवर होती. नवरा औषध आणाले गेलता. मी तिले सगळं सांगितलं. बाबाचे कान, अर्ज, उरलेला माल, माझं खोटं. वाटलं, आता ही मले शिव्या देईन, अन् खरं तं मी त्याचीच वाट पाहत होती.

"एक पांढरा पट्टा तरी मारायचा होता, बाई," ती म्हणाली. "आम्ही तं हळूच येऊन राह्यलो होतो."